अण्णांचं मौन सुटलं तो दिवस

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायचं धाडस आता कुठं होतंय. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी आईकडं बघायचं, तिनं मान हलवली तरच तोंड उघडायचं. आता आईही नाही.

त्या वर्षी तुम्ही चातुर्मासाचं मौन धरलंत. गुरुजींनी कचेरीपुरती बोलायची मुभा दिली होती, घरात मात्र एक शब्द नाही. निजामाचं राज्य गेलं, मागोमाग दफ्तरातली उर्दूही गेली, तुमच्या वळणदार उर्दूला कुणी विचारेना. कालची पोरं तुमच्या मराठीतल्या चुका काढायची आणि संध्याकाळी त्याचा सूड आमच्यावर निघायचा. भाजीत मीठ कमी पडलं की आईच्या माहेराच्या तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तुम्ही गप्प झालात आणि घराची सुटका झाल्यासारखं झालं. मीठ कमी असलं तर तुम्ही पाटीवर लिहायचात, ‘मीठ’. बस, एवढंच. आई जात्यावर बसून गुणगुणायला लागली. तिला गाता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. मौन तुम्ही देवासाठी धरलंत, अण्णा, पण त्याचं पुण्य आम्हाला लागलं.

अक्का पंचमीला मुरूमहून माहेरी आली ती परत गेलीच नाही. सासरी आडतीचा व्यापार, दारात बैलजोड्या, आणि तिच्या पाठीवर उलथन्याचे डाग. आईनं तिला तुमच्यासमोर उभं केलं, पाठीवरचा पदर बाजूला केला. तुम्ही पाहिलंत. नीट पाहिलंत, मी दारातच होते. मग पाटी ओढलीत आणि लिहिलंत, ‘मौन संपल्यावर बोलू.’ अक्काला त्यातच केवढा धीर आला! मला म्हणाली, “अण्णा नाही म्हणाले नाहीत, बघ. त्यांना विचार करायला वेळ हवाय.” मग ती अंगानं भरली, केस विंचरायला लागली, हसायला लागली. तुमच्या पूजेचं सगळं तीच करायची, फुलं, चंदन, सोवळं. तुम्ही जपाला बसलात की आम्हाला पाऊलसुद्धा वाजवू द्यायची नाही.

कार्तिकी झाली आणि द्वादशीला तुमच्या मौनाचं पारणं ठरलं. घरात नको, रामलिंगाला जाऊ, आवळीखाली भोजन करू, हे तुम्हीच पाटीवर लिहून सांगितलंत. तुम्ही आम्हाला कुठं सहलीला नेताय हेच नवल होतं. पहाटे दोन गाड्या जुंपल्या. गुरुजी आले, कचेरीतले दोघं-तिघं सहकुटुंब आले. घाट उतरून आपण खाली गेलो. देवळाभोवती वळसा घालून ओढा वाहतोय, सागाच्या पानांवर दव आहे, माकडं गाडीतल्या परड्यांकडं टपून बसलीत. अक्का लुगडं खोचून पाण्यात उतरते आणि लग्नाआधी हसायची तशी हसते. मग तीन दगडांची चूल मांडून ती पुरणपोळ्या लाटायला बसते. आई शेजारी बसून सारखे डोळे पुसते. मला वाटतं, धूर लागतोय.

पानं मांडली. तेवढ्यात देवळाच्या बाजूनं अक्काचे सासरे आले, बरोबर एक गडी. तुम्ही उठून त्यांना हात जोडलेत आणि आपल्या शेजारी पाटावर बसवलंत. अक्काच्या हातातलं लाटणं थांबलं. पण तरी ती हसली. मला हळूच म्हणाली, “सगळ्यांच्या देखत त्यांची कानउघाडणी करणार बघ अण्णा.” पोळी वाढायला आली तेव्हा तुमच्यापुढं वाकून म्हणाली, “अण्णा, पहिला शब्द माझ्याशी बोला.”

गुरुजींनी तुमच्या हातावर तुळशीचं पान ठेवलं. तुम्ही ते तोंडात घातलंत, डोळे मिटलेत, उघडलेत.

“हात धू,” तुम्ही म्हणालात. “तुझे सासरे न्यायला आलेत.”

इतक्या दिवसांनी ऐकलेला तुमचा आवाज किती स्वच्छ होता, अण्णा.

“तुम्ही माझी पाठ बघितलीय,” अक्का म्हणाली.

“बघितलीय. चार महिने देवापुढं बसून विचार केलाय. दिलेली पोर सासरीच शोभते. घरात बसलीस तर धाकटीला कोण करून घेणार?”

धाकटी म्हणजे मी. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “वा, पहिलाच शब्द कर्तव्याचा!” गुरुजींनी मान डोलावली. सासऱ्यांनी आणखी एक पोळी मागितली आणि अक्कानं ती वाढली. गड्यानं आपण आलो त्या गाडीतली पोती बाजूला केली आणि तळातून अक्काची पेटी काढली. आईनं ती आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. तिला तुम्ही काय लिहून सांगितलंत, कसं धमकावलंत, ते तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. अक्का सासऱ्यांमागं येडशीच्या वाटेला लागली तेव्हा तुम्ही तूप वाढून घेत होतात.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. अक्का आली नाही, पाठवली नाही. त्याच वर्षी नवऱ्याच्या तडाख्यानं तिचा डावा कान गेला. तुम्ही शेवटच्या दुखण्यात पडलात तेव्हा ती आली. तुम्ही विचारलंत, “सुखात आहेस ना गं?” तिचा डावा कान तुमच्याकडं होता, तुम्हाला पुन्हा विचारावं लागलं. मग ती म्हणाली, “व्हय अण्णा.” तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. मला तिचा एवढा राग कधीच आला नव्हता. एक खोटं कमी बोलली असती तर काय बिघडलं असतं?

आता ती वर्षातून एकदा माझ्याकडं येते. ती आली की मी नवऱ्याच्या तक्रारी सांगत बसते. चिडतात, घरात लक्ष देत नाहीत, माझं ऐकत नाहीत, सगळं रचलेलं. ती माझी समजूत घालते. ते बिचारे ओसरीवर बसून ऐकतात आणि मला कधी विचारत नाहीत.

हे कुठं पाठवायचं, आणि कशाला? पण एक लिहून ठेवते. माझ्यासाठी तुम्ही पाहिलेलं स्थळ चांगलं निघालं, अण्णा. तुम्ही होतात तोवर मुद्दाम तुम्हाला ते कळू दिलं नाही.