फडकं आधी गालाला लावा

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून न उठवता कामाला निघाले. दुपारी आईच्या मानेवरची गाठ शेकायची आहे. पाणी कोमटच घ्या आणि फडकं आधी स्वतःच्या गालाला लावून बघा, हाताला नको. तीस वर्षं लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवून तुमच्या तळव्यांना चटका कळेनासा झालाय. काल तिची मान लालभडक झाली होती. ती बोलली नाही, पण ती कधी बोललीय? दहा मिनिटं पुरे. गाठ दाबू नका.

समोर बसून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते. आपण चरबीची गाठ समजून बसलो, पण ती तशी नाही. शेकून बसणार नाही आणि आता कापूनही उपयोग नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईला सगळं माहीत आहे. आज वेणी घालताना म्हणाली, "यांना सांगू नकोस गं. शेकायला म्हणून तरी जवळ बसतात."

तेव्हा तुम्हाला कळलंय हे तिला कळू देऊ नका. चिठ्ठी फाडून टाका.

वर दहा मिनिटं लिहिलंय. जास्त झाली तरी चालतील.

थोरली