खडकावरची शिट्टी

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. छताची गळती काढून घेतली. आई गेल्यापासून त्यांच्या खोलीत पाय ठेववत नव्हता, शेवटी काल आवरली. तुमचं बरं चाललंय, ते मी पाहिलंच.

हो, पाहिलं. रविवारी शेजारच्या बाईंच्या पाहुण्यांबरोबर मी गुहा बघायला आले होते. जागा सुंदर आहे मेली! काळे कातळ, हिरवं पाणी, आत ऊन शिरलं की छतावर नुसता उजेड नाचतो. हे कितीदा म्हणाले, चल, दाखवतो. मीच आज-उद्या करत राहिले.

तोंडावर ओढणी घेऊन मी तुमच्या नावेत मागच्या फळीवर बसले होते. तुम्ही ओळखलं नाहीत. गुहेच्या तोंडाशी नाव थांबवून म्हणालात, "इथेच माझा दादा गेला. हट्टी माणूस! या खडकावरून शिट्टी फुंकून माझे ओठ फुटले, पण ऐकेल तर शपथ!" पाहुणा म्हणाला, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." आणि तुम्ही हसलात. भावोजी, तुम्ही हसलात!

नाव आत नेणाऱ्याला समुद्र दिसत नाही. खडकावरच्याने मोठी लाट पाहून शिट्टी द्यायची, मग आतल्याने बाहेर यायचं, ही तुमच्या घरातली रीत. त्या सकाळी तुम्ही माझ्याकडे चहा पिऊन गेलात. बातमी आली तेव्हा तुमचा कप तसाच खिडकीत होता. त्या कपामागे तुमची शिट्टी होती.

हाका मारल्या असतील तुम्ही. लाटांपुढे हाक कुठली पोचायला?

आईंचा एक मुलगा गेला होता, दुसरा त्यांच्या मनातून उतरू नये म्हणून मी शिट्टी तांदळाच्या डब्यात पुरली आणि तोंडाला कुलूप लावलं. विसर कुणालाही पडतो. तुम्ही एकदा जवळ बसून रडला असतात, तर जन्मभर गप्प राहिले असते. पण तुम्ही मेलेल्या माणसावर खापर फोडलंत, वर त्याचा खेळ मांडलात. माझ्या लेकीला शाळेत "हट्ट्याची पोर" म्हणतात. ते कुठून आलं, ते आता कळलं.

शिट्टी पाकिटात घातली आहे. वाजवून पाहिली, खणखणीत वाजते. येत्या रविवारी लेकीला घेऊन येते. ओढणी घेणार नाही, पुढच्या फळीवर बसेन. तिला तिच्या बाबांची गोष्ट नीट सांगा. तुमच्या तोंडून आली नाही, तर तिथेच, सगळ्यांसमोर, मी सांगेन.

वाट बघा.

तुमच्या दादाची बायको