चौतीस कुंड्या, होळीनंतरच बाहेर

मी, रमाकांत गजानन देवस्थळी, वय ५६, रेल्वे कारखान्यात फिटर, मूळ गाव गुहागर, एकतीस वर्षे मुक्काम अलीगंज, लखनौ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हृदय बिघडले आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणी सांगितले म्हणून मी आजवर काही केलेले नाही. एकदाच केले, ते कलम पाचमध्ये येईल.

१. अलीगंजचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते पत्नी सौ. सुरेखा हिच्या एकटीच्या नावे करतो. तिच्या हयातीत ते विकू नये आणि गाडी लावण्यासाठी अंगणात फरशी घालू नये. चि. अनीश, हे वाक्य तुझ्यासाठी आहे.

२. बँकेतल्या ठेवी पत्नी व मुलगा अनीश या दोघांत निम्म्या.

३. पान्यांची पेटी व सर्व हत्यारे अनीशला. वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरवावा. जमणार नसेल तर घेऊ नयेत.

४. समोरच्या खोलीत निशिगंधाच्या कंदांच्या चौतीस कुंड्या आहेत. (इथले लोक रजनीगंधा म्हणतात, म्हणोत.) अनीश मला विचारतो, "बाबा, यार, ये ड्रॉइंग रूम है कि नर्सरी?" नर्सरी आहे. सोफा गच्चीच्या खोलीत गेला तो माझ्या हुकमाने, आणि तो तिथेच राहील. पद्धत अशी: डिसेंबरात कंद काढून वाळवावेत. जानेवारीअखेर कुंडीत लावावेत, टोक मातीच्या वर दिसेल असे, आणि कुंडी खिडकीशी ठेवावी. कोंब बोटाच्या पेराएवढा होईपर्यंत पाणी नाममात्र. होळी पेटल्याशिवाय एकही कुंडी उंबरठ्याबाहेर जाणार नाही. त्यानंतर आठ दिवस फक्त सकाळचे ऊन, मग वाफ्यात. मे महिन्यात कॉलनीतल्या बाकीच्यांची नुसती पाती असतात, माझ्याकडे फुले असतात. मी दहावी पास आहे. हे मला सडलेल्या कंदांनी शिकवले.

५. मेव्हणा श्री. सुबोध, कृषी पदवीधर, याला काहीही देत नाही. २०१४च्या फेब्रुवारीत याच खोलीत जेवताना तो म्हणाला, "भावोजी, कांद्यांना पाळण्यात काय घालता? द्या बाहेर ठेवून! आमच्या सिलॅबसमध्ये असले लाड नव्हते." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सुरेखा हजरतगंजला गेली होती. मी रागाच्या भरात सगळ्या कुंड्या अंगणात मांडल्या. दुपारी गार पाऊस झाला. ती परतायच्या आत मी कुंड्या आत घेतल्या, पुसल्या, होत्या तशा मांडल्या. महिन्याभरात पाच कंद सोडून बाकी सगळे सडले.

सुरेखाला तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात उरलेले थेंबभर पाणी आत येऊन खिडकीजवळच्या कुंडीत ओतायची सवय होती. मी म्हणालो, "तुझ्या तांब्याने घात केला." ती म्हणाली, "असेल." तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षे, तिने कुंडीला हात लावलेला नाही.

दोष तांब्याचा नव्हता. माझा होता. तोंडाने सांगणे जमले नाही म्हणून लिहिले, आणि हे लिहिताना मी मान खाली घातलेली नाही.

सर्व कंद, कुंड्या व वाफे सुरेखाचे. पाणी तिनेच घालावे, त्याच तांब्याने. केव्हा आणि किती, ते तिचे तिने ठरवावे. कलम चारमधले पाण्याचे वाक्य तिला लागू नाही.

६. ज्याला काही मिळायचे नाही तोच साक्षीला बरा, म्हणून सुबोधला बोलावले आहे. त्याने कलम पाच पूर्ण वाचूनच सही करावी. हा कागद पाकिटात बंद करू नये. गुरुवारच्या आधी तो सुरेखाच्या हाती द्यावा, मी समोर नसताना. मी बरा होऊन परत आलो तर बाकी कलमे रद्द समजावीत. कलम पाच चालूच राहील.

ठिकाण: अलीगंज, लखनौ
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

(सही) रमाकांत गजानन देवस्थळी

आमच्यासमोर सही झाली:
१. मधुकर पाटणकर, शेजारी, बँक कर्मचारी
२. सुबोध केळकर, मेव्हणा. कलम पाच दोनदा वाचले. भावोजी, तीन मार्चला होळी आहे. कुंड्या उचलायला मी येतो, ताई सांगेल तशा.