दाजींचा पाय पेडलवर ठरत नाही

चि. बारक्या,

ताईचे आशीर्वाद. (नव्वद किलोच्या माणसाला बारक्या म्हणू नये असं तुझ्या बायकोचं म्हणणं आहे. तिला सांग, तू एवढासा होतास तेव्हा ती नव्हती, मी होते.) तुझी साखर कशी आहे? गोळ्या घेतोस की नुसत्या डबीत भरून ठेवतोस? बायकोची कंबर, पोरांच्या परीक्षा, सगळं ठीक असेल असं धरून पुढे लिहिते, कारण विचारलं तरी तू 'ठीक' एवढंच सांगणार. मी गुडघे सोडून धडधाकट आहे. फोन न करता पत्र का, तर फोनवर तुला मीटिंग येते. पत्राला मीटिंग येत नाही. माझं अक्षर सातवीतच राहिलंय, तेव्हा सावकाश वाच.

तर तू हुकूम सोडलास की बाबांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळालंय, हॉटेलवाला आहे, रविवारी येतोय, तेवढे ब्रेक दुरुस्त करून ठेव. जसं काही भाजी निवडून ठेव! बाबा गेल्यापासून तीन वर्षं गाडी माझ्या अंगणात पत्र्याखाली उभी आहे. आठवड्यातून एकदा मी ती सुरू करते, शेजाऱ्यांना धूर पाजते आणि बंद करते. ब्रेक मऊ झालेत हे खरं. दाबला की उशीत पाय रुतल्यासारखं वाटतं. नळीत तेलाबरोबर हवा शिरलीय, दुसरं काही नाही. तेल दबत नाही, हवा दबते. (माणसांचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे.) कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो बॉनेट उघडून कॉम्प्युटरची वायर कुठे लावायची ते शोधत बसला. दहा मिनिटांनी म्हणाला, "मावशी, हिला भोकच नाही." मी म्हटलं, तुझ्या डोक्याला आहे तेवढं पुरे, जा घरी. आणि ठरवलं, आपणच हवा काढायची. बाबांचे पाने आहेत, काचेची बाटली आहे, पारदर्शक नळी आहे, ब्रेकचं तेल आणलं. कमी होता तो फक्त एक पाय.

तुला आठवतंय ना रे? डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला आणि बाबांनी तीस वर्षं त्यांची गाडी हाकली म्हणून ती बाबांनाच देऊन टाकली, तेव्हा मी नऊ वर्षांची आणि तू सहाचा. बाबा चाकामागे आडवे, मी पाठीला उशी लावून सीटवर, पेडलपर्यंत पाय जेमतेम पोचायचा. तू बाटली धरून बुडबुडे मोजायला. बाबा खालून म्हणायचे, "धर." मी पेडल दाबून धरायची, ते चाकामागचं हवा सोडायचं निपल सैल करायचे, पेडल खाली खाली जायचं, तिकडे तू ओरडायचास, "आला! आणखी एक आला!" निपल आवळेपर्यंत मी पाय उचलायचा नाही, उचलला की हवा परत आत. आणि माझ्यासारख्या उतावळ्या पोरीला पाय धरून ठेवायला कसं लावायचं, तर बाबा खालून प्रश्न विचारायचे. आज शाळेत काय झालं? बाई का रागावल्या? उत्तर पुरं होईपर्यंत पाय हलवायचा नाही, मग ते म्हणायचे, "बस." चार चाकं, प्रत्येकाला सात-आठ प्रश्न. मला आता कळतंय, त्या माणसाने आपल्याला समोर बसवून कधीच काही विचारलं नाही. सातवीत मी दुसऱ्यांदा नापास झाले तो निकाल आठ दिवस गादीखाली होता. तो मी त्या पेडलवर सांगितला. बाबांनी निपल आवळलं, "बस" म्हणाले, आणि दुसऱ्या चाकाकडे सरकले. तू बुडबुडे मोजतच होतास, तुला कळलंही नसेल.

असो. पाय म्हणून मी तुझ्या दाजींना बसवलं आणि इथे माझं चुकलं. चांगला माणूस आहे, माझ्याशी सत्तावीस वर्षं टिकलाय यातच आलं. पण जन्म गेला शिवणाच्या मशीनवर. पायाखाली पेडल आलं की तो पाय आपोआप वरखाली, वरखाली. मी खालून ओरडतेय "धर!" आणि वर हे शर्टाची बाही शिवताहेत! बाटलीत नुसता फेस. मी म्हटलं, अहो पाय स्थिर ठेवा, तर म्हणाले, ठेवलाय की, आणि ते म्हणत असतानासुद्धा गुडघा नाचत होता. मग ओढणीने गुडघा सीटला बांधला. तर सीट हलायला लागली. पहिला डबा तेल असाच संपला. त्यात ह्यांच्या हातून दुसऱ्या डब्यातलं थोडं मडगार्डवर सांडलं. ब्रेकच्या तेलाने रंग जातो हे मला माहीत होतं, पाणी आणेपर्यंत तळहाताएवढा पांढरा रंग सुटूनही आला. खालून हिरवा निघाला रे. डॉक्टरीणबाईंच्या वेळचा हिरवा. बाबांनी माझ्या लग्नाला पांढरा मारला होता तो आठवडाभर दाढी न करता, स्वतःच्या हाताने. मी तिथे फडकं धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. दाजींना वाटलं मी चिडलेय, ते चहा करायला आत पळाले.

रविवारी तुझा हॉटेलवाला आला. पांढरे बूट, काळा चष्मा. म्हणाला, गाडी हॉटेलच्या दारात कायमची उभी करणार, चाकं काढणार आणि बॉनेटमध्ये कुंड्या ठेवणार. बाबांच्या गाडीत कुंड्या! तरी मी तोंडातून ब्र काढला नाही, तुझी शपथ. घरापर्यंत स्वतः चालवत नेतो म्हणून तो सीटवर बसला. मी शेजारी बसले, हात हँडब्रेकवर. गाडी माणसाच्या चालीने निघाली, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडी तशीच चालत राहिली. "ब्रेक! ब्रेक!" असं तो ब्रेकलाच ओरडून सांगत होता. समोर दोरीवर वाळत घातलेली चादर काचेवर आली, त्याला काही दिसेना, तेव्हा मी हँडब्रेक ओढला. उतरून म्हणाला, "ही गाडी आहे का गादी?" आणि गेला तो गेलाच. तेव्हा मला बोल लावू नकोस. दोष दाजींच्या पायाचा.

पोरांना गोड पापा. बायकोला म्हणावं कंबरेला शेक दे.

तुझी,
ताई

ता. क. खोटं लिहून झोप येणार नाही, म्हणून सांगते. दाजींचा पाय बुधवारीच ठरला होता. शिंपी गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की मशीन थांबवतो, हे मला सत्तावीस वर्षं दिसत होतं पण सुचलं नव्हतं. मी बाबांसारखी खालून बोलायला लागले आणि पाय दगडासारखा थांबला. चारही चाकं तासाभरात झाली, ब्रेक कसे टणक! शनिवारी दाजी दुकानात गेल्यावर मीच मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकच्या नळीत थोडी हवा परत घेतली. निपल आवळून ठेवलं, तेल वाया जायला नको.

दुसरं ता. क. बुधवारी मी सहज विचारलं, हल्ली कॉलरला सुया टोचून का फिरता? तर म्हणाले, चार महिने सुईत दोरा जात नाही, चहावाला रोज सकाळी सहा सुया ओवून देतो. मला वाटायचं ती स्टाईल आहे! सांगितलं का नाही, तर म्हणे तू ओरडशील. ओरडलेच असते. पण अंगावर गाडी, हातात पाना, निपल उघडं, ओरडणार कुठून? नुसतं "बस" म्हटलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय, पुढच्या आठवड्यात एकाचं ऑपरेशन आहे.

तिसरं आणि शेवटचं. गाडी विकायची एवढी घाई का, असं मी फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालास, "सहज." आपल्या घरात कोणी सहज काही केलंय का कधी? तुझा आवाज बरा नव्हता. मागचं डावं चाक मी तसंच ठेवलंय. मी खाली पडून विचारीन, तोंड बघणार नाही, ओरडणार नाही. तेव्हा दुसरं गिऱ्हाईक पाठवू नकोस, तुझा पाय पाठव. त्याच्याबरोबर बाकीचा तू आलास तरी चालेल.