चैतालीचे केस आणि माझा शांत स्वभाव

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

विजयमाला आज सकाळच्या एसटीने अकलूजला गेली. तिथल्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली आहे. तीन आठवडे आमची चैताली माझ्याजवळ सोलापुरात. मग तेवीस तारखेला, रविवारी, विजयमाला येऊन ठरवणार की पोरगी चौथी इथेच पूर्ण करणार की अकलूजला जाणार. थोडक्यात, माझी परीक्षा. एका लेकराला तीन आठवडे सांभाळायचं, त्यात परीक्षा कसली? टॉवेल कारखान्यात मी बावीस माणसं सांभाळतो.

तिची अट एकच. राग आवरायचा. मी म्हणालो, मला राग येतच नाही. ती म्हणाली, मग दिवाळीत मिक्सर खिडकीतून खाली कसा गेला? मी म्हणालो, मिक्सरचा विषय वेगळा. पोरीवर मी आजवर बोटसुद्धा उचललेलं नाही, आणि हे खरं आहे. वस्तूंचं म्हणाल तर वस्तूंना समजावून सांगता येत नाही.

ही वहीसुद्धा तिचीच आयडिया. राग आला की बोलायचं नाही, लिहायचं. राग येणार नाही, पण वही कोरी राहिली तर तिला वाटेल मी लिहिलंच नाही. म्हणून लिहितो.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.१०

चैतालीचे केस कमरेपर्यंत. शाळेचा नियम: दोन वेण्या, लाल रिबिनी. नळाला पाणी पाचव्या दिवशी, तोवर बोअरचं. बोअरच्या पाण्याने केसांच्या गाठी होतात, गाठीत कंगवा अडकतो, कंगवा अडकला की पोरगी रडते. म्हणजे दोष पाण्याचा.

कंगवा मोडला. आपोआप. अर्धा तुकडा कपाटावर सापडला.

७.४०. शाळेची रिक्षा थांबली नाही. रिक्षावाल्याच्या मागे चौकापर्यंत पळालो. त्याला काय बोललो ते आठवत नाही, पण शेजारच्या कस्तुराबाईंनी कानावर पदर घेतला. पोरीला स्कूटरवरून सोडलं. एक वेणी कानाच्या वर, एक खाली.

निर्णय: कंडिशनर आणायचा. स्वस्त, पण चांगला. आठवड्यात केस रेशीम.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी चैतालीला घेऊन शिवराजच्या दुकानात गेलो. जनरल स्टोअर्स आहे, पण शिवराज बोलतो असा की मॉलच आहे. बाटल्यांचे भाव बघितले. प्रत्येक बाटलीवर एक बाई, केस वाऱ्यावर. ह्या बाईला आठ दिवस आमच्या बोअरखाली बसवा, मग काढा फोटो.

शिवराज म्हणाला, सायेब, पाऊच न्या की, दोन रुपयाला एक, लई खपतंय. मी विचारलं, शाम्पूत आणि ह्यात फरक काय? तो म्हणाला, शाम्पूनं धुवायचं, ह्यानं मऊ करायचं, येवढं बी म्हाईत न्हाय व्हय? आणि हसला.

मी शांतपणे माळेतलं एक पाऊच ओढलं. अख्खी माळ आली. माळेबरोबर खिळा आला, खिळ्याबरोबर फळी. फळीवरची टाल्कम पावडर शिवराजच्या डोक्यावर. मग तो माझ्या आईवर आला. मी काउंटरवर हात ठेवला. जरा जोरात ठेवला असेल. काच आधीच तडकलेली असणार, नाहीतर अशी फुटत नाही.

तळहाताला चार टाके. डॉक्टरकडे चैताली शेजारीच बसली होती. तिने विचारलं, पप्पा, हे माझ्या केसांमुळं झालं का? मी म्हणालो, हो बाळा, पण तू टेन्शन घेऊ नको, तुझ्यासाठी पप्पा काय पण सोसतील. बाप आपल्यासाठी काय करतो हे पोरांना लहानपणीच कळलेलं बरं.

सहा पाऊच मिळाले. माळेतली सुटून खिशात आली होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४५

पाऊचवरच्या सूचना मुंगीच्या अक्षरात. लावून धुवायचं की धुवून लावायचं? दोन्ही केलं. सहाच्या सहा पाऊच वापरले. केसांना फेस येईना, हात घसरायला लागले आणि तेवढ्यात बोअरची मोटर बंद पडली.

मोटरला लाथ. मोटर लोखंडी आहे. पायाचा अंगठा सुजला. मग बादलीला लाथ, दुसऱ्या पायाने. बादली दाराबाहेर, दाराबाहेर कस्तुराबाईंची तुळस. कुंडी गेली, तुळस वाचली. कस्तुराबाई म्हणाल्या, अवो, सकाळच्या पारी काय दंगल लावलीया? मी म्हणालो, पोरीची वेणी घालतोय.

चैताली चिकट केसांनी शाळेत गेली. रडली, पण कालच्यापेक्षा कमी. पाऊचचा थोडा गुण आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

चूक लक्षात आली. चूक पकडण्यात आहे. आमच्या अण्णांनी जन्मभर मेंढरं राखली. दिवसाला पंचवीस-तीस मेंढरं कातरायचे. युक्ती एकच: मेंढराची मान दोन गुडघ्यांच्या मध्ये दाबायची, की ते हलत नाही. लोकर आणि केस, फरक काय? जन्मभर लोकर हाताळलेल्या घरातला माणूस मी, आणि मला शिवराज शिकवणार!

चैतालीला खाली बसवलं, मान गुडघ्यात घेतली. पोरगी खरंच हलली नाही. पंधरा मिनिटांत अर्धं डोकं मोकळं. तेवढ्यात कस्तुराबाई साखर मागायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, आवं, लेकरू हाय का मेंढरू? सोडा तिला आदी! मी म्हणालो, आमच्या घरच्या पद्धतीत नाक खुपसू नका. त्यांनी लाटणं आणलं. मी म्हणालो, मारा, हिंमत असेल तर मारा. त्यांच्यात होती.

कपाळाला टेंगूळ. साखर दिली नाही.

संध्याकाळी विजयमालाचा फोन. पोरीने सांगितलं, सगळं चांगलं हाय मम्मी. मला बरं वाटलं. ह्या वयात एवढी समज कुठून आली कुणास ठाऊक.

१२ नोव्हेंबर, बुधवार. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत

सापडला! स्वस्त नव्हे, फुकट. आणि रोज माझ्या डोळ्यांसमोर होता.

आमचा टॉवेल मागावरून उतरतो तेव्हा गोणपाटासारखा असतो. तोच धुऊन सॉफ्टनरच्या पाण्यातून काढला की लोण्यासारखा. परदेशात जातो, गोरे लोक तोंड पुसतात. मग सोलापूरच्या पोरीचे केस का नाही होणार मऊ? बाटलीतल्या कंडिशनरमध्ये तरी दुसरं काय असतं? बाईचा फोटो.

सॉफ्टनरच्या हौदावर नागप्पा असतो, अक्कलकोटकडचा. त्याला म्हणालो, एक बाटली भरून दे. कशाला म्हणून विचारलं त्याने. सांगितल्यावर दोन्ही हात जोडून म्हणाला, बेडा सायेब, बेडा! ह्ये टावेलला हाय, लेकराला न्हाय. बेडा म्हणजे कानडीत नको. कामगारांना केमिस्ट्री कळत नाही. मीच भरून घेतली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ७.००

यश!! कंगवा वरून सोडला, सरळ खाली आला. वेण्या दहा मिनिटांत. पोरगी अजिबात रडली नाही. डोळे घट्ट मिटून बसली होती, बहुतेक बरं वाटत असावं. विजयमालाला फोटो पाठवला. खाली लिहिलं: बापाच्या हातचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. बालदिन

चैतालीला शाळेतून लवकर घरी पाठवलं. केसांवर ताक घुसळल्यासारखा थर बसला आहे आणि त्याला घरातलं सगळं कापसाचं तूस चिकटलं आहे. माझ्या शर्टातून रोज किती तूस घरी येतं ते आज कळलं. डोकं लाल झालंय, खाजवतेय. बाईंनी चिठ्ठी दिली: मुलीच्या केसांना काय लावले आहे, पालकांनी भेटावे.

भांड्याच्या साबणाने तीन वेळा धुतलं. गाठी पहिल्यापेक्षा दुप्पट. तीन कंगवे मोडले. चौथा मोडेना म्हणून आरशावर मारला. आरसा मोडला. चैताली पायांत चप्पल घालून आली आणि सुपलीत काचा भरू लागली. मी म्हणालो, राहू दे, लागेल. ती म्हणाली, न्हाय पप्पा, मला येतं.

ह्या सगळ्याला जबाबदार कोण? नागप्पा. त्याने नीट अडवलं असतं तर मी थांबलो असतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नागप्पाशी बोलायला गेलो. फक्त बोलायला. तो म्हणाला, सायेब, मी बेडा बोल्लो हुतो की! मी म्हणालो, एकदाच म्हणालास. तो म्हणाला, दोनदा. हा उर्मटपणा आहे. मी ओल्या टॉवेलांची चवड फेकली. त्याने परत फेकली. मी ढकललं नाही. मी हात पुढे केला, तो मागे गेला, मागे हौद होता. बाहेर निघाला तेव्हा अख्खा मऊ झाला होता. मग त्याने मला धरलं, आणि तिथून पुढचं मला सलग आठवत नाही. वरचा एक दात हलतोय.

मालकांनी आठ दिवस घरी बसायला सांगितलं आहे. मी त्याला रजा समजतो. पोरीकडे लक्ष द्यायला वेळ मिळेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रजेचा फायदा दिसू लागला. पोरीला चांगलं वळण लागलंय. सकाळी माझ्या आधी उठते, मोरीत जाऊन दार लावून स्वतःच विंचरते. आवाज येत नाही. वेण्या वाकड्या, पण आहेत. मी विचारलं, दुखत नाही का? म्हणाली, न्हाय.

ह्याला म्हणतात संस्कार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

टीव्हीचा रिमोट सापडेना. शोधता शोधता पलंगाखाली बघितलं. काचेचे ग्लास, बरण्या, चहाचे कप, घड्याळ, रिमोट, सगळं चादरीत गुंडाळून ओळीने ठेवलेलं. चैतालीचं काम. पोरगी नीटनेटकी झाली आहे. विजयमालाला इतक्या वर्षांत घर असं आवरता आलं नाही.

चहा स्टीलच्या पेल्यात प्यालो. ओठ भाजला. पेला भिंतीवर फेकला. फुटला नाही. स्टीलचा हाच फायदा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा विजयमाला येणार. हिशोब स्पष्ट आहे: पोरगी जेवते, शाळेत जाते, रडत नाही. उरले केस. त्यांचाही आज निकाल लावला.

शिवराजने दुकानात पाय ठेवू देणार नाही असं सांगितलंय, म्हणून लांबच्या दुकानात गेलो. पायी गेलो, कारण स्कूटरचं हँडल बुधवारपासून डावीकडे वळतं. (स्कूटरला कालच समज दिली आहे.) सगळ्यात महाग बाटली घेतली. हो, महाग. स्वस्ताच्या नादात माणूस घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो, हे मी आता कुणालाही सांगू शकतो. दुकानदार हसला नाही. मीसुद्धा कुठे हात ठेवला नाही. सूचना तिथेच वाचून घेतल्या: धुवा, लावा, तीन मिनिटं थांबा, धुवा. एवढंच होतं. उद्या नळाला पाणी येणार. उद्या शाळा सुटली की न्हाऊ घालतो, हळूहळू. अजिबात ओढणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी २.००

पाणी आलं. दोन बादल्या भरल्या, एक गरम केली. टॉवेल काढून ठेवला. वाट बघतोय.

दुपारी ३.१५

चैताली आली. कस्तुराबाई बरोबर. डोक्यावर केस नाहीत. म्हणजे आहेत, बोटाच्या पेराएवढे. पोरांसारखे. कान केवढे दिसतात.

मी ओरडलो, कुणी कापले? कस्तुराबाई म्हणाल्या, तिनंच कापून घेतले. शाळेतनं माज्याकडं आली, म्हनली, आज्जी, मला कटिंगला न्या. मी न्हाय म्हनले, तर म्हनली, मग मी कातरीनं कापते. काय करू मी? लेकरू हटूनच बसलं.

फेकायला काहीतरी शोधलं. हाताशी काहीच नव्हतं.

मग चैताली बोलली. तीन आठवड्यांत एवढं पहिल्यांदाच बोलली असेल. म्हणाली, पप्पा, केसांमुळं तुमचा हात कापला, शिवराजकाकांची काच फुटली, नागप्पाकाकांशी मारामारी झाली, तुमची रजा झाली. आता केस न्हाईत. आता कशाचा राग येणार न्हाय ना?

मी म्हणालो, नाही येणार. गरम पाण्याने मीच आंघोळ केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

विजयमाला सकाळी दहाला आली. पोरीचं डोकं बघितलं, घर बघितलं, माझा दात बघितला. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने पोरीला विचारलं, पप्पांनी मारलं का तुला? चैताली म्हणाली, न्हाय, एकदा बी न्हाय. मी विजयमालाकडे बघितलं. हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

मग तिने विचारलं, तुला कुठं राहायचं? चैताली माझ्याकडे बघून म्हणाली, मी जाते अकलूजला. इथं मी असले की पप्पांना काय ना काय होतं.

तिचं दप्तर मी स्टँडवर नेलं. गाडी लागलेली होती. विजयमाला जागा धरायला आत चढली. चैताली खाली माझ्यासमोर उभी. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो. हात वर नेला तशी ती खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, पटकन, सवयीने.

मी मारणार नव्हतो. मी तिला कधीच मारलेलं नाही. पण हे ती खाली बसलेली असताना सांगता येईना. शेजारच्या बाकावरचे लोक बघत होते. मी हात खाली घेतला आणि खिशात घातला. मग ती उठली, दप्तर घेतलं, टाटा केला.

घरी आलो. पलंगाखालचं सामान अजून बाहेर काढलेलं नाही.