नानांच्या भिंतीला पडलेलं भोक

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. (एरवी अनेक असतात, या खेपेला मोजकेच समज.)

काल फोनवर “ताई, भोक बुजवून टाक, नानांना सवय होईल” एवढं बोलून तू फोन ठेवलास. माझं बोलणं अर्धं राहिलं होतं. उरलेलं लिहून पाठवते आहे, कारण कागदाला ‘मीटिंग आहे’ असं सांगता येत नाही.

तुझी कंबर आता कशी आहे? तुझ्या बायकोची सर्दी गेली का? इथे सगळे ठणठणीत आहेत. नाना तर इतके ठणठणीत आहेत, की त्यांच्यापायी बाकीच्यांची प्रकृती बिघडायची वेळ आली आहे. कंबरेचं मुद्दाम विचारते आहे. तुला इथे येऊन वाकायचं आहे.

हे नवं घर तू आखलंस. नकाशा तुझा, भिंतींची जाडी तुझी, तिहेरी काचा तुझ्या, आणि शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं माळ्यावरचं ते घुमं यंत्रही तुझंच. आतली ऊब बाहेर जाणार नाही, बाहेरचा उकाडा आत येणार नाही, वीज जेमतेम लागेल, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की तुझे भाऊजी झोपेत ‘इन्सुलेशन’ म्हणायला लागले. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. त्याला जमाना लोटला, पण उष्णतेचे नियम तेव्हाही हेच होते. तेव्हा घराबद्दल माझी तक्रार नाही. घर उत्तम आहे. तक्रार तुझ्याबद्दल आहे. सूर्य कुठून येतो, वारा कुठून येतो, भाऊजींना आंघोळीला किती पाणी लागतं (ते खोटं बोलले), सगळं तू विचारलंस. नानांना काय विचारलंस? “पलंग कुठल्या भिंतीला लावू?” त्यांनी गल्लीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं, तू नकाशावर खूण केलीस, झालं. तीच भिंत का, हे विचारायला तोंड दुखत होतं का?

आपल्या वडिलांनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली, हे तुला मी सांगायला हवं? आई गेल्यापासून त्यांचा दिवस खिडकीशी जातो. कोणी दिसलं की बोलतात, कोणी नाही दिसलं तर ऐकतात. नव्या घराचं बांधकाम बघायला जाता-येता त्यांनी गल्लीतल्या शिंप्याशी सूत जमवलं होतं, आणि तो शिंपी नेमका त्या बिनखिडकीच्या भिंतीपलीकडे मशीन मांडून बसतो. घर पुरं झाल्यावर मी त्यांना खोली दाखवायला नेलं. दार लावलं. नानांनी मान तिरकी करून कान दिला, बराच वेळ दिला, आणि म्हणाले, “लाइन डेड आहे.” मी हसले. भाऊजीही हसले. नाना हसले नाहीत, आणि मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कारण त्यानंतर दिवे लावायला आलेल्या इलेक्ट्रिशियनला त्यांनी एकट्याला गाठलं. टेलिफोनची तार आत घ्यायची आहे, भोक पाडायचं आहे, इंजिनियर साहेबांचा निरोप आहे, असं सांगितलं. (इंजिनियर साहेब म्हणजे तू.) तो म्हणाला, “आजोबा, मूठ जाईल एवढं?” नाना म्हणाले, “तार जाड आहे.” त्या भल्या माणसाने इमानेइतबारे तुझी भिंत आरपार फोडली, आत पाइपचा तुकडा बसवला आणि गेला. नानांनी वर खुंटी ठोकून आपला जुना कोट टांगला.

मग काल चाचणी. तुला माहीत आहे, पण तुझ्या बायकोसाठी लिहिते (तीही हे पत्र वाचणार, तिला वाचू दे): पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून त्यात भलामोठा पंखा बसवतात आणि घरातली हवा बाहेर ओढतात. कुठे फट असली तर तिथून हवा आत घुसते. चाचणीत पास तर प्रमाणपत्र, प्रमाणपत्र असेल तर घराचा ताबा. आणि जुनं घर शनिवारी सोडायचं आहे. घरमालक आत्ताच येऊन नव्या भाडेकरूसाठी आमच्या भिंतींना रंगाचे नमुने फासतो आहे. सगळ्यांनी आत थांबायचं, दार-खिडकी उघडायची नाही, असं पंखेवाल्याने बजावलं. तुझे भाऊजी चपला आत घ्यायला मागच्या दाराने बाहेर गेले. आकडा बघून पंखेवाला म्हणाला, “ताई, हे घर आहे की चाळण?” भाऊजींना चपलांसकट आत घेतलं. तरी चाळणच.

मग तो धूर सोडणारी कांडी घेऊन खोल्या हिंडला, मागून आमची वरात. नानांच्या खोलीत कोट फुगला होता. अंगात माणूस असावा तसा, दोन्ही बाह्या पुढे करून. नाना पलंगावर बसून दुसरीकडे बघत पाय हलवत होते. आणि कोट बोलला, “अहो नाना, पंखा लावलाय का तिकडे? माझी चिंधी ओढली की आत.” पाठोपाठ कोटाखालून निळ्या कापडाची पट्टी खरंच बाहेर आली. भाऊजी मागे सरले. (घाबरले नव्हते, असं त्यांचं म्हणणं आहे.)

मी कोट काढला आणि परक्या माणसासमोर बोलू नये ते सगळं बोलले. नाना शांतपणे म्हणाले, “तुम्ही दोघं कामाला जाता. मी दिवसभर काय त्या यंत्राशी गप्पा मारू? बुजवायचं तर बुजवा. मी जुन्या घरात राहतो. मालकाला सांगा, नवा भाडेकरू माझ्यासकट ठेव.” आणि पिशवी घेऊन निघाले ते दारात जाऊन बसले, म्हणजे नेमके पंख्यासमोर. पंखेवाल्याने हाताला धरून उठवलं.

यावर मी तुला फोन केला, आणि तू म्हणालास, सवय होईल. कशाची रे? सवय होते ती चष्म्याची, कवळीची. माणसाचा आवाज कानावर न पडण्याची सवय झालेल्या म्हाताऱ्याकडे कधी बघितलं आहेस? मी बघितलं आहे. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना त्यांच्या मुलाने असंच शांत खोलीत ठेवलं. आता ते कोणी हाक मारली तरी वळून बघत नाहीत, आणि मुलगा सांगतो, बाबा किती समाधानी झालेत. ऊन आत यावं म्हणून तू कोन मोजत बसलास. एका माणसाला दुसऱ्याची हाक ऐकू यावी, याला तुझ्या नकाशात जागा नाही?

तेव्हा नीट वाच. भोक बुजवायचं असेल तर नाना शनिवारी तुझ्याकडे येतील, कोटासकट, कायमचे. तुझ्या ऑफिसचे फोन उचलतील आणि त्यांना योग्य वाटेल तिथे जोडून देतील. मग तू सवय कर.

तुझी,
ताई

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच पंखेवाला नव्या घरी दुसऱ्यांदा येऊन गेला. घर पास झालं. भोकावर उशी आणि उशीला पाठ लावून मी, अशी उभी होते. उसण भरली आहे म्हणून सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, उशीकडे बघितलं आणि आकडा लिहून घेतला. पलीकडून शिंपी उशीवर टिचक्या मारत विचारत होता, “नाना, लाइन बिझी आहे का?” मी उशीवर पाठ आणखी रेटली.

आणखी एक. मला खोटेपणाचा तिटकारा आहे हे तू जाणतोस, त्यामुळे ते प्रमाणपत्र खरं करणं तुझं काम आहे. जाड रबराची कडा असलेलं, आतून एका बोटाने उघडेल आणि गच्च मिटेल असं गोल झाकण हवं. मिळत नसेल तर करवून घे. शनिवारी स्वतः येऊन बसव, माणूस पाठवू नकोस. भोक पलंगावर बसलेल्या नानांच्या कानाच्या उंचीला आहे, तेव्हा वाकावं लागेल. भोकाच्या घेराचं माप सुतळीने घेऊन ती सोबत ठेवली आहे.

आजवर झालेली देवघेव, तुझ्या फायलीसाठी: जुन्या घराची जादा किल्ली घरमालकाला दिली, दुसरी शनिवारी देईन. नव्या घराच्या किल्ल्या, यंत्राची माहितीपुस्तिका आणि प्रमाणपत्र मला मिळालं. गल्लीकडच्या खोलीची किल्ली नानांच्या हाती दिली. नाना कोणालाही दिलेले नाहीत.