वाकलेली शिरोरेघ

आण्णा, तुमच्या डोळ्यांना जे झालं होतं ते आता मला झालंय. उजव्या डोळ्याला. लिहायला बसल्यापासून मी सारखी उठतेय. डावा डोळा झाकायचा, दाराच्या चौकटीकडे बघायचं, परत येऊन बसायचं. चौकट मध्येच पोट काढल्यासारखी दिसते. डावा उघडला की सरळ. मिनिटभरात बदलणार नाही हे कळतं, तरी चैन पडत नाही.

आधी मला वाटलं, कापड आखायची लाकडी पट्टीच वाकली. इतकी वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले, पट्टी तरी किती टिकणार? नवी स्टीलची आणली. एक डोळा बारीक करून रेघ बघायची माझी सवय तुमचीच. तशी बघितली तर नवीही वाकडी. दुकानात जाऊन भांडले. दुकानदाराने ती पट्टी काउंटरच्या काचेवर टेकवून दाखवली. ‘‘मावशी, बघा की. सरळ तर हाय.’’ तिथंच मला आपल्या सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत तुम्ही रंगवलेली दुकानाची पाटी आठवली.

कापडाचं दुकान होतं ते. मी शिवणक्लासवरून परत येताना खाली थांबलेय, तुम्ही शिडीवर. खडूचा दोरा ताणून फटकन मारता, पाटीवर रेघ उमटते, आणि तुम्ही मान कलती करून तिच्याकडे बघत राहता. मग अंगठ्याने ती पुसता आणि नुसत्या हाताने दुसरी ओढता. अक्षरं रंगवून झाली, मालक बाहेर आला. शिरोरेघ मधोमध खाली झुकली होती, ओले कपडे टाकलेल्या दोरीसारखी. ‘‘काय पेंटर, सकाळी सकाळीच लावून आलाय जणू?’’ रस्त्यावरची माणसं हसली. तुम्ही जन्मात दारूला शिवला नव्हतात. ‘‘सरळच हाय की मालक,’’ एवढंच म्हणालात आणि पुन्हा बघायला शिडी चढलात. तुम्हाला ती खरंच सरळ दिसत होती. दोऱ्याची सरळ रेघ वाकडी दिसली म्हणून तुम्ही ती सरळ केली होती, हे समजायला मला साठी गाठावी लागली.

त्यानंतर कामं तुटली. आईने बरीच वाट बघितली आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्हाला कुंभारीला एका माणसाकडे नेलं. तो कसल्याशा पाल्याचा रस डोळ्यांत पिळायचा. तुम्ही कळवळलात, डोळे लालभडक झाले, आणि पुढे समोरचं सगळं गेलं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. माझा चेहरा बघायचा असला की तुम्ही माझ्या कानाकडे बघायचात. आत्याने आईला कधी सोडलं नाही. ‘‘माज्या भावाचं डोळं हिनं घालीवलं,’’ तुमच्या तेराव्याच्या पंगतीतसुद्धा ती म्हणाली. आई वाढता वाढता थांबली आणि मग पुढच्या पानाकडे गेली. मरेपर्यंत ती हे ऐकत राहिली. मला वाटतं, तिलाही तेच खरं वाटत होतं.

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मशीनवर माझ्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो काढला. घरात कुणाला होतं का, असं विचारलं. मी पाटीपासून पाल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ‘‘रसाने इजा झाली असेल, पण ती पुढच्या भागाला. रेघ वाकडी दिसणं त्याच्या आधीचं ना? मग ते पडद्याचंच दुखणं. वय वाढतं तसा पडद्यामागे कचरा साठतो. आपली प्रतिकारशक्ती तो ओळखते, धोक्याचे इशारे देते, पेशींना बोलावते. काही जणांच्यात ही इशारे देणारी यंत्रणा जन्मतःच तापट असते. धोका नसला तरी ती थांबत नाही. सूज राहते, पडदा झिजतो. कधी नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात, पडदा उचलला जातो. मग रेघ वाकते.’’

मी विचारलं, ‘‘आई त्यांना तुमच्यासारख्यांकडे घेऊन आली असती तर?’’

‘‘तेव्हा आमच्याकडे फारसं काही नव्हतं. आता निदान त्या वाहिन्या वाढवणारा इशारा अडवता येतो.’’

त्याचंच इंजेक्शन डोळ्यात घेतलं. उतार पडेल तेव्हा पडेल. पण हे आत्याला सांगितल्याशिवाय मला घरात बसवेना. डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं आणि थोड्या दिवसांनी लेकाला बरोबर घेऊन एसटीने नातेपुत्याला गेले. आत्या आता पार वाकलीय, तिथे तिच्या नातवाकडे असते. मी सगळं सांगितलं. आईने नाही केलं, हे दोनदा सांगितलं.

‘‘मग कुनी केलं गं?’’

‘‘कुणीच नाही. अंगातल्याच राखणदारांनी.’’

‘‘आपलंच राखणदार आपल्यालाच मारत्यात व्हय? असं कुटं अस्तंय?’’ असं म्हणून ती रागाने माझ्याकडे वळली, आणि मी बघतच राहिले. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती. कानाकडे बघत होती.

‘‘आत्या, माझं तोंड दिसतंय का तुला?’’

तिने तोंड फिरवून पदर सारखा केला. ‘‘मदी डाग हाय,’’ म्हणाली. ‘‘लई दिस झालं. बोलले न्हाय कुनाला. कुनीतरी रस घातला असता न्हवं.’’

तिला सोलापूरला घेऊन आलो. दोन्ही डोळ्यांचे फोटो निघाले. तुमचंच दुखणं, आण्णा, पण आता व्रण पडून बसलेलं. इंजेक्शनाचा उपयोग नाही, आहे ती कडेची नजर सांभाळायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिच्या डोळ्यांत कधी कुणी कसला पाला पिळला नव्हता. बाहेरच्या बाकावर ती रडायला लागली, आणि ते डोळ्यांसाठी नव्हतं. ‘‘वैनीला आता कुटं गाठू गं मी?’’ सारखं तेच. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, लेकाला रिक्षा बघायला पाठवलं. सगळ्यांना वाटलं असेल, भाची किती मायेने करतेय.

हे मी लेकाला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, म्हणून लिहिते. तपासणीच्या खोलीत ‘हेही तेच आहे’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. आणि मला आनंद झाला, आण्णा. आईसाठी झाला, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतेय.